बाबेसिओसिस आणि लाइम रोग : सहसंसर्ग व निदान

रक्तातील तांबड्या पेशींत शिरून वाढणाऱ्या बाबेसिया या एकपेशीय परजीवीमुळे बाबेसिओसिस हा रोग होतो. तो मुख्यतः गोचिडांमार्फत पसरतो. अमेरिकेच्या ईशान्य आणि उत्तर-मध्य भागांत तो पसरवणारा इक्सोडीस स्कॅप्युलॅरिस हा काळ्या पायांचा गोचीड लाइम रोगाचे जीवाणूही वाहून नेतो. त्यामुळे एकाच दंशातून माणसाला दोन्ही रोग जडू शकतात. लाइमची चाचणी मात्र बाबेसियाबद्दल काहीच सांगत नाही. ती होकारार्थी आली की तापाचे कारण सापडले असे वाटते आणि पुढचा शोध थांबतो. दुसरा रोग निसटतो तो इथेच.

रोमानियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ मध्ये गुरांच्या रक्तात हा परजीवी पाहिला. पुढे १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ व फ्रेडरिक किलबोर्न यांनी गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडांमुळे पसरतो हे सिद्ध केले. संधिपाद (गोचीड, कीटक यांसारखे सांधेदार पायांचे) प्राणी रोग पसरवतात याचा हा अगदी सुरुवातीचा भक्कम पुरावा होता, आणि वैद्यकाच्या इतिहासात त्याला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे. माणसातील पहिली नोंद १९५७ मध्ये युगोस्लाव्हियात झाली. त्या रुग्णाची प्लीहा (रक्त गाळणारा पोटातील अवयव) आधीच काढलेली होती. हा रोग केवळ प्लीहा नसलेल्यांना होतो, ही समजूत मॅसॅच्युसेट्समधील नॅन्टकेट बेटावर १९६९ मध्ये सापडलेल्या रुग्णामुळे मोडली. लाइम रोगाकडे लक्ष गेले ते १९७५ च्या सुमारास, कनेक्टिकटमधील लाइम गावाच्या परिसरात मुलांना सांधेदुखी होऊ लागली तेव्हा. विली बर्गडॉर्फर यांनी शोधलेला त्याचा जीवाणू १९८२ मध्ये जगासमोर आला.

दोन्ही जंतू प्रामुख्याने पांढऱ्या पायांच्या उंदरात नांदतात. गोचिडाचे पिलू त्या उंदराचे रक्त पिते तेव्हा हे जंतू पिलात शिरतात. हरणांवर प्रौढ गोचीड पोसले जातात, पण हरणे बाबेसियाचा साठा नव्हेत, म्हणजे गोचिडांना त्यांच्याकडून तो मिळत नाही. माणसाला बहुधा खसखशीच्या दाण्याएवढे पिलूच चावते, त्यामुळे दंश झाल्याचे अनेकांना आठवतच नाही. ‘गोचीड चावला नव्हता’ एवढ्यावर निदान बाजूला सारू नये.

लाइममध्ये बहुतेकांच्या त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा उठतो. पुढे चेहऱ्याचा पक्षाघात किंवा सांध्यांची सूज येऊ शकते. बाबेसिओसिसचा असा चट्टा नसतो. थंडी वाजून ताप, दरदरून घाम आणि गळून जाणारा थकवा ही त्याची लक्षणे. तांबड्या पेशी फुटल्याने रक्तक्षय, कावीळ आणि गडद लघवी होते, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेटही घटतात. अनेकांना काहीच जाणवत नाही. उलट प्लीहा नसलेले, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण दगावूही शकतात. म्हणून लाइमच्या रुग्णाला योग्य औषध सुरू करून दिवस-दोन दिवस उलटले तरी ताप हटत नसेल, किंवा रक्तक्षय व प्लेटलेटची घट दिसत असेल, तर बाबेसियाचा शोध घ्यावा. केवळ लाइममध्ये रक्ताचे हे बदल सहसा दिसत नाहीत.

चाचण्यांमागचा विचारच दोन्ही रोगांत वेगळा आहे. लाइमच्या चाचणीत प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने) दोन टप्प्यांत तपासतात. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीला अहवाल नकारार्थी येऊ शकतो. ठळक चट्टा असेल तर चाचणीवाचूनच उपचार करतात. बाबेसियात प्रत्यक्ष परजीवीच शोधावा लागतो. रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर पसरून गिम्सा रंगाने रंगवला की पेशींत लहान कड्या दिसतात. या कड्या फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियासारख्याच दिसतात. चार परजीवींची क्रॉससारखी जुळणी दिसली तर ओळख पक्की होते, पण ती क्वचित सापडते. मलेरियातील तपकिरी रंगद्रव्य बाबेसियात नसते. प्रवासाचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. परजीवी कमी असले तर एका पट्टीवर ते हुकतात, म्हणून तपासणी पुन्हा करावी किंवा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) करावी. पीसीआर अधिक संवेदनशील आहे.

बाबेसियाच्या प्रतिपिंडांवर एकट्यावर विसंबू नये. आजाराच्या सुरुवातीला ती नसू शकतात आणि रोग बरा झाल्यावरही दीर्घकाळ टिकतात. लक्षणे नसताना केवळ ती आढळली म्हणून औषधे देणे चुकीचे आहे. शिवाय बाबेसियाच्या मायक्रोटाय या प्रजातीसाठीची चाचणी अमेरिकेच्या पश्चिमेकडील डंकनी किंवा युरोपातील डायव्हर्जन्स या प्रजाती पकडेलच असे नाही. रुग्ण कुठे राहिला, कुठे फिरला हे प्रयोगशाळेला कळवलेच पाहिजे.

लाइमवर चालणारी डॉक्सिसायक्लिन व अमॉक्सिसिलिन बाबेसियावर निरुपयोगी आहेत. त्यासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन व अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र, सहसा ७ ते १० दिवस देतात. क्लिंडामायसिन व क्विनीन हा पर्याय आहे. प्रतिकारशक्ती फार क्षीण असेल तर उपचार किमान ६ आठवडे चालतात. पेशींतील परजीवींचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले तर रक्त बदलण्याचा विचार होतो.

बाबेसिया दान केलेल्या रक्तातूनही पसरतो, आणि साठवणुकीच्या थंडीत तो मरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये रोगग्रस्त राज्यांतील रक्तदानाच्या तपासणीबाबत शिफारशी जाहीर केल्या. गोचिडांचा हंगाम नसताना किंवा ते आढळत नाहीत अशा भागात असा ताप आला, तर गेल्या ६ महिन्यांत रुग्णाला रक्त चढवले होते का, हे विचारावे.