पुढचे चाक मोडले, तरी ‘अपघात’ नाही?

कोकण किनाऱ्यावर विमान शिकवायला १९२० च्या दशकाच्या अखेरीस जुहूला सुरुवात झाली. समुद्राला लागून असलेले ते मैदान पावसाळ्यात पाण्याने भरे. तेव्हाची मॉथ विमाने शेपटी जमिनीला टेकवून बसणारी. उतरल्यावर बाजूचा वारा लागला की शेपटी पुढे यायला बघे, विमान गिरकी घेई आणि एक पंख मातीला घासे. नाकाखाली चाक असलेली सेस्ना आल्यावर गिरकी मागे पडली आणि उसळी पुढे आली.

वेग जास्त असताना शिकाऊ वैमानिक विमान जबरदस्तीने टेकवतो, पुढचे चाक आधी आपटते, विमान उसळते. घाबरून तो नियंत्रणाचा दांडा पुढे लोटतो. बहुधा तिसऱ्या उसळीला चाकाचा दांडा वाकतो आणि पंख्याची (प्रोपेलरची) पाती धावपट्टीला लागतात.

याला काय म्हणायचे, इथे खरा घोळ आहे. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे, विमान अपघातांच्या चौकशीच्या नियमांचे परिशिष्ट आले. त्यातल्या आजच्या व्याख्येनुसार कुणी गंभीर जखमी नसेल आणि नुकसान पंख्यापुरते, पंखांच्या टोकांपुरते किंवा टायर-ब्रेकपुरते असेल, तर तो अपघात नव्हे. चाकांच्या सांगाड्याच्या ‘किरकोळ’ नुकसानालाही सूट आहे. मोठ्या प्रवासी विमानासाठी हे समजण्यासारखे आहे. पण शिकाऊ वैमानिकाचे विमान मोडते ते नेमके याच जागी! वाकलेला दांडा किरकोळ की मोठा, यावर त्या दिवसाची नोंद ‘अपघात’ होणार की नुसती ‘घटना’, हे ठरते. मराठी बातमीत मात्र दोन्ही वेळा ‘विमान कोसळले’ असेच छापून येते. हेही तितकेच चूक.

कोकणात ‘अपघात’ आणि ‘घटना’ यांमधली ही रेघ जास्त बोचते, कारण इथला वारा उतरणे अवघड करतो. दुपारी खारा वारा चढतो, सकाळच्या मतलईत बसलेला हात तेव्हा उपयोगी पडत नाही. चिपीची धावपट्टी (२०२१ पासून वापरात) कातळाच्या सड्यावर आहे. अशा सड्याच्या कडेला हवा कधी वर ढकलते, कधी खाली ओढते.

भारतात २०१२ मध्ये चौकशीसाठी वेगळी यंत्रणा झाली, २०१७ मध्ये नियम पुन्हा लिहिले गेले. मात्र त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेला अपघात कळवण्याचे बंधन आजही जेट विमानांना आणि २,२५० किलोंहून जड विमानांनाच आहे. सेस्ना १५२ चे उड्डाणावेळचे कमाल वजन ७५७ किलो.