राज्यांची कर्जमर्यादा : तीन टक्के, संमतीपत्र आणि कंपन्यांची कर्जे

राज्यांची कर्जमर्यादा वाढवावी की नाही, हा वाद दर अर्थसंकल्पाच्या सुमारास टक्क्यांवर येऊन थांबतो. टक्के ठरवण्याचा अधिकार मात्र येतो राज्यघटनेच्या कलम २९३(३) मधून. केंद्राचे किंवा केंद्राने हमी दिलेले कर्ज राज्याकडे फिटायचे राहिले असेल, तर केंद्राच्या संमतीशिवाय राज्याला नवे कर्ज काढता येत नाही. ब्रिटिश काळातल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातही ही तरतूद होती. पण संमती अवाजवीपणे नाकारू नये, गैरवाजवी अट घालू नये, असे बंधनही त्यात होते. राज्यघटनेत हे बंधन गळले आणि केंद्राला योग्य वाटतील त्या अटी घालण्याची मुभा आली.

२००५ पर्यंत याने फारसे काही अडत नव्हते, कारण मोठा सावकार केंद्रच होते. केंद्र आणि राज्यांत पैशांची वाटणी कशी व्हावी हे सुचवणाऱ्या वित्त आयोगाने, बाराव्या खेपेस, केंद्राला ही सावकारी आवरायला सांगितले. राज्यांनी थेट बाजारातून रोखे विकून पैसा उभा करावा. जुनी केंद्रीय कर्जे एकत्र करून २० वर्षांच्या मुदतीने, साडेसात टक्के व्याजाने फेडावीत. त्यासाठी वित्तीय शिस्तीचा कायदा करावा. स्थूल राज्य उत्पादनाच्या (राज्यात वर्षभरात तयार होणाऱ्या वस्तू-सेवांच्या एकूण मूल्याच्या) तीन टक्क्यांचा आकडा या कायद्यांतूनच रुळला.

मर्यादा निव्वळ कर्जावर, म्हणजे नव्या उचलीतून जुन्याची परतफेड वजा करून उरणाऱ्या रकमेवर असते, हे बातम्यांत बहुतेक वेळा सुटते. समजा, राज्याचे अंदाजित उत्पादन १० लाख कोटी रुपये आहे. तीन टक्क्यांनी ३०,००० कोटी होतात. वर्षात जुनी १२,००० कोटींची परतफेड असेल, तर एकूण उचल ४२,००० कोटींपर्यंत जाऊ शकते. संमती एकदम मिळत नाही. आधी पहिल्या नऊ महिन्यांची, मग शेवटच्या तिमाहीची. शेवटच्या संमतीपत्रात कपात आली की मार्चची बिले अडकतात, कारण तोवर खर्च होऊन गेलेला असतो.

२०२०-२१ मध्ये ही मर्यादा पाच टक्क्यांवर गेली. वाढीव दोन टक्क्यांपैकी अर्धा टक्काच बिनशर्त होता. एक टक्का चार सुधारणांना पाव-पाव टक्क्याने बांधला होता : शिधापत्रिका, उद्योगसुलभता, वीज वितरण आणि नागरी स्वराज्य संस्था. चारपैकी तीन पूर्ण केल्या तर उरलेला अर्धा. पुढे पंधराव्या आयोगाने चार, साडेतीन आणि मग पुन्हा तीन टक्के असा उतार आखला.

खरा गुंता झाला 'अर्थसंकल्पबाह्य कर्ज' या शब्दाने. राज्याची कंपनी कर्ज काढते, राज्य हमी देते, कागदावर कर्जदार कंपनी. कंपनीने स्वतःच्या कमाईतून हप्ते भरले तर ती निव्वळ हमी. कंपनी बुडाली तरच राज्याला झळ. पण पूल किंवा पेन्शन यातून कमाई होत नाही. मग हप्ते राज्याच्या अनुदानातून, करातून किंवा उपकरातून जातात, आणि व्यवहारात ते राज्याचेच कर्ज ठरते. मार्च २०२२ मध्ये केंद्राने हीच कसोटी लावली : मुद्दल किंवा व्याज राज्याच्या महसुलातून जात असेल तर कर्ज राज्याचे. वरच्या उदाहरणात अशा कंपनीने ४,००० कोटी काढले, तर ३०,००० चे २६,००० उरतात. ओरड झाल्यावर २०२१-२२ चे कर्ज एकदम न कापता मार्च २०२६ पर्यंत चार वर्षांत वळते करायची सवलत मिळाली.

हिशेबशास्त्राच्या दृष्टीने कसोटी बरोबरच आहे. आक्षेप घ्यावा तो ती मागाहून लावण्यावर. शिवाय केंद्रानेही अन्न अनुदानाचा बोजा वर्षानुवर्षे अल्पबचत निधीतून भारतीय अन्न महामंडळाला कर्ज देऊन बाहेर ठेवला होता. तो अर्थसंकल्पात आणला २०२१ मध्ये. केंद्राने तो आणला स्वतःहून, राज्यांवर मात्र पत्र आले.

केरळची पायाभूत सुविधांसाठीची कर्जे वाहनकराच्या हिश्श्यावर आणि इंधन उपकरावर उभी होती, त्यामुळे कपात तिथे जास्त बोचली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. लोकलेख्यातील (भविष्य निर्वाह निधी, ठेवी अशा राज्याने सांभाळलेल्या इतरांच्या पैशांच्या खात्यातील) देणी मर्यादेत धरण्यावरही त्याचा आक्षेप होता. सुनावणी चालू असताना १३,६०८ कोटींची संमती मिळाली. १ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला, आधीच्या वर्षातली जादा उचल पुढच्या वर्षी कापता येते हे केंद्राचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले आणि कलम २९३ चा अर्थ पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला.

दरम्यान २००५ च्या हिशेबाने जुनी केंद्रीय कर्जे २०२५ च्या आसपास संपत आली होती. परदेशी साहाय्याच्या प्रकल्पांची कर्जे केंद्रामार्फत येत असल्याने संमतीची अट पूर्ण सुटली नसतीच, पण तिचा आधार बराच रोडावला असता. त्याऐवजी २०२०-२१ पासून भांडवली खर्चासाठी ५० वर्षांची बिनव्याजी कर्जे सुरू झाली : पहिल्या वर्षी १२,००० कोटींची तरतूद, २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटींची. ती नेहमीच्या मर्यादेबाहेर धरली जातात, म्हणून राज्ये आनंदाने घेतात. पण कलम २९३(३) च्या लेखी ते केंद्राचे कर्जच आहे, आणि त्याचा पहिला हिस्सा फिटेल २०७० च्या सुमारास.