शालेय प्रथमोपचार शिक्षण (सातारा-सांगली)

डॉक्टर मिळेपर्यंत जवळच्या माणसाने हाताशी असेल त्या साधनांनी केलेली मदत म्हणजे प्रथमोपचार. मुलांना तो स्काउट-गाइड, राष्ट्रीय छात्र सेना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून शिकवला जातो. सातारा-सांगलीत त्याची निकड भूगोलातूनच येते. जत, माणकडच्या वस्त्या विखुरलेल्या, जावळी-पाटणच्या वाड्या डोंगरात, हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या फडाशेजारी. 108 ला फोन लागला तरी गाडी येईपर्यंतची मिनिटे घरातल्यांच्याच हाती असतात, आणि दिवसा घरात बहुधा आजी व मुलेच असतात.

सर्पदंशाला या भागात सर्वाधिक वेळ द्यायला हवा. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे नागाची ओळख इथे लहानपणीच होते. मण्यार मात्र जास्त फसवी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. ही लक्षणे ओळखणारे एक मूल घरात असले तरी जीव वाचू शकतो. दंशाच्या जागी चिरायचे नाही, चोखायचे नाही, दोरीने आवळायचे नाही. अंगठी, बांगड्या काढायच्या, हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, रुग्णाला चालवायचे नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालते. म्हणून साप शोधून मारण्यात वेळ दवडू नये. देवऋष्याकडे जाण्यात तर मुळीच नाही.

हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत, अशा वेळी सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपचार, द्यावा लागतो. छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जाईल असा दाब. श्वास देता येत असेल तर 30 दाबांनंतर 2 श्वास. सरावाचा पुतळा नसेल तर पोत्यात गोधडीची घट्ट वळकटी कोंबून सराव होतो. मुले सुरुवातीला कोपरात वाकतात आणि विसाव्या दाबालाच दमतात. हात ताठ ठेवून खांदे पुढे आणले की अंगाचे वजन कामी येते; दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यायची. दरवर्षी 2 तास, वयाच्या 12 व्या वर्षापासून हे शिकवावे, या शिफारशीला जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये पाठिंबा दिला.

बऱ्याच गोष्टी करायच्या नसतात, हेही शिकवावे लागते. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. झटके थांबल्यावर कुशीवर वळवावे. भाजल्यावर शाई वा टूथपेस्ट नको, 20 मिनिटे वाहते गार पाणी हवे. हळदीची पेठ सांगलीची असली तरी वाहत्या जखमेत हळद भरू नये, स्वच्छ कापडाने दाबून धरावे. पाण्याच्या मोटारीचा शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी स्टार्टर बंद करावा. 2019 च्या महापुरानंतर कृष्णाकाठी तर प्रत्येक मुलाला ठाऊक असावे : बुडणाऱ्यामागे उडी टाकायची नाही, दोर किंवा रिकामा कॅन फेकायचा.

फोनवर काय सांगायचे, याचाही सराव घ्यावा. गावाचे नाव, वस्ती, मग खूण : पाण्याची टाकी, देऊळ, डीपी. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, आणि रात्र असेल तर एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहायचे.