वाघीण आडवी झाली, आता आधी पाटी वाचा

कुर्ल्याहून ट्रॉम्बेकडे मालगाड्यांचा फाटा जातो. माहुलच्या रिफायनऱ्या आणि चेंबूरचा खत कारखाना याच पट्ट्यात, आणि भोवती दाट वस्ती. पेट्रोलची एक वाघीण, म्हणजे मालगाडीचा टाकीवाला डबा, साधारण 70 हजार लिटरची. ती रुळावरून उतरली की लगेच भडका उडतोच असं नाही. जाड पोलादी टाकी पुष्कळदा शाबूत राहते; गळतं ते वरच्या झाकणातून नाहीतर खालच्या व्हॉल्व्हमधून.

तेव्हा वारा पाठीवर घेऊन, लांबूनच, आत काय आहे ते बघायचं. मालाचं नाव वाघिणीवर रंगवलेलं असतं, गार्डकडे गाडीचे कागद असतात. टँकरवर असते तशी धोक्याची पाटी दिसली तर तिच्यावरचा मालाचा चार अंकी क्रमांक टिपा: पेट्रोल 1203, एलपीजी 1075, अमोनिया 1005, क्लोरीन 1017. क्रमांकाजवळ काय करायचं त्याचा संकेत असतो. पेट्रोलचा '3 वाय ई'. 3 म्हणजे फोम मारा. वाय म्हणजे श्वसनयंत्र लावा, भडक्याची तयारी ठेवा, सांडलेलं नाल्यात जाऊ देऊ नका. ई म्हणजे लोक हलवायचा विचार करा. मुंबईत यातलं नाल्याचं कलम सगळ्यात अवघड: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती गटारातून सरपटत जाते आणि ठिणगी भलत्याच गल्लीत भेटते.

भोक तेवढंच असलं तरी माल बदलला की उपाय उलटे असतात. अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो, म्हणून ढगावर पाण्याची बारीक फवार धरतात. पण साचलेल्या द्रवावर पाणी ओतलं तर तो खदखदून आणखी वायू सोडतो. क्लोरीनच्या गळतीवर थेट पाणी मारणं तर घोडचूक. आम्ल तयार होतं, ते पोलाद खातं आणि भोक वाढतं. 2010 च्या जुलैत शिवडीच्या हाजी बंदरात जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला, तेव्हा शंभराहून जास्त लोक रुग्णालयात गेले. रेल्वेची अख्खी टाकी त्याहून कितीतरी मोठी.

एलपीजीचा झोत पेटला असेल आणि गळती बंद करता येत नसेल, तर तो विझवायचा नाही. विझला की न जळलेला वायू जमिनीलगत पसरतो. पाणी मारायचं ते टाकीच्या वरच्या भागावर. तिथे आत द्रव नसतो, त्यामुळे पत्रा झटकन तापून मऊ पडतो आणि टाकी फाटते. सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी चढत चालली, की बंब सोडून पळायचं.

नाव कळलं तरी तापमान मोजावंच लागतं. 3 फेब्रुवारी 2023 ला अमेरिकेत ओहायोमधल्या ईस्ट पॅलेस्टाइनला चाकाचं बेअरिंग तापून 38 डबे घसरले. व्हिनाइल क्लोराइड या प्लॅस्टिकसाठी लागणाऱ्या ज्वलनशील रसायनाच्या पाच टाक्या आपोआप फुटतील या भीतीने तो माल मुद्दाम जाळला. पुढे चौकशीत ठरलं, की टाकीचं तापमान उतरत होतं, जाळायची गरजच नव्हती.

वाऱ्याचं गणित आपल्याकडे दिवसात बदलतं. दुपारी खारे वारे पश्चिमेकडून खाडीकडे ढकलतात. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे पूर्वेकडून शहराकडे येतात, आणि थंड थरामुळे वायू खालीच दबून राहतो. अमोनिया मुळात हवेपेक्षा हलका, पण दाबाखालून सुटला की गारठतो, दमट हवेत धुकं बनतो आणि सुरुवातीला जमिनीलगतच वाहतो. ढग पाठीमागे असेल तर वाऱ्याबरोबर पळू नका, वाऱ्याला आडवे निघा. निघता येत नसेल तर खिडक्या, एसी, पंखे बंद. क्लोरीन असेल तर वरचा मजला बरा. फोन 101 नाहीतर पालिकेच्या 1916 वर.

रुळांवर आणखी एक अडचण डोक्यावर लटकते: 25 हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर. ती बंद करून अर्थिंग लावल्याशिवाय ना फोम मारता येतो, ना क्रेन उभी करता येते. आणि भरलेली टाकी तशीच उचलायचीही नाही. आधी पंपाने माल दुसऱ्या टाकीत घ्यायचा, दोन्ही टाक्या तारेने जोडून आणि जमिनीला अर्थ करून, कारण वाहत्या पेट्रोलमध्ये स्थिर वीज साठते. हे तासांचं काम आहे, आणि तोवर हार्बरची लोकल बंद म्हणून कितीही आरडाओरडा झाला तरी ते उरकता येत नाही.