कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवू नका

‘बाजूचं झाकण काढून ठेवलं की पीसी थंड राहतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. चांगल्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे पीसीचे सगळे भाग ज्यात बसतात त्या डब्यात, पुढचे पंखे गार हवा आत ओढतात, मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो, आणि वाटेत प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्डवरून वारा जातो. झाकण काढलं की ही वाट मोडते. शिवाय जाळीतून न गाळलेली धूळ थेट हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांत बसते. काही महिन्यांत तिथे राखाडी नमदाच तयार होतो, आणि मग पंखे कितीही गरगरले तरी उपयोग नाही. आपल्याकडे पाली-झुरळंही आत शिरतात!

झाकण काढल्यावर तापमान खरंच ८-१० अंशांनी उतरलं, तर समजा की कॅबिनेटचा श्वास कोंडलाय. बहुतेकदा दोष पुढच्या सपाट काचेचा असतो. रंगीत दिव्यांना भुलून आपण तीच घेतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅबिनेट घेताना पुढे बारीक जाळी आहे ना, धूळगाळणी सहज निघते ना, ते पाहा. पत्रा अंगठ्याने दाबा. लगेच आत गेला, तर पंख्यांबरोबर तोही थरथरणार.