'इंद्रायणी काठी' संतांचा अभंग नव्हे

परभणी-बीडकडच्या सप्ताहांत 'इंद्रायणी काठी' लागलं की शेजारचा हमखास सांगतो, 'माउलींचा अभंग आहे.' कुणी तुकोबांचा म्हणतं. दोन्ही चूक. हे गीत ग. दि. माडगूळकरांचं, 1953 सालच्या 'गुळाचा गणपती' चित्रपटातलं. गायले भीमसेन जोशी. आणि चाल? पु. ल. देशपांड्यांची!

खूण अगदी सोपी आहे. संतांच्या अभंगात शेवटी बहुधा नाममुद्रा येते: 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', गंगाखेडच्या जनाबाईंची 'म्हणे जनी'. इथं तसलं काही नाही. शेवटी निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई येतात खरे, पण वर्णनात. 'मुक्ताई म्हणे' असं नाही. शिवाय ज्ञानेश्वरांच्या समाधीचं गाणं ज्ञानेश्वर कसे लिहितील?

पुलंना आपण विनोदी लेखक म्हणून इतकं वाचलं की त्यांची पेटी बाजूलाच राहिली. वसंतराव देशपांड्यांना ते साथ करत. 'नाच रे मोरा'ची चालही त्यांचीच. गंमत म्हणजे पुढं ते आकाशवाणीत नोकरीला लागले, तेव्हा तिथं गायनाच्या साथीला पेटीवर बंदी होती. ती 1971च्या सुमारास सैल झाली.

सप्ताहात हे गीत खुशाल गा. फक्त गाथेत शोधू नका.