घर हीच ख्रिस्तसभा

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ख्रिस्तसभेविषयीचा (चर्च म्हणजे भाविकांचा समुदाय, त्याविषयीचा) आपला प्रमुख दस्तऐवज जाहीर केला. त्याच्या ११व्या परिच्छेदात कुटुंबाला ‘जणू घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटले आहे. इटलीतील प्रातोचे बिशप पिएत्रो फिओर्देल्ली यांनी परिषदेत हा विषय आग्रहाने मांडला होता.

विचार मात्र फार जुना. सुरुवातीला भाविक घरांतच जमत. तंबू तयार करून पोट भरणाऱ्या अक्विला आणि प्रिस्का या दांपत्याच्या घरातील मंडळीला संत पौलाने रोमकरांस पत्रात सलाम सांगितला आहे. चौथ्या शतकात संत जॉन क्रिसोस्तोम श्रोत्यांना सांगत, की प्रत्येकाने आपले घर ख्रिस्तसभा करावे. इथे चर्चमध्ये जे ऐकले ते घरी जाऊन बायकामुलांशी बोलावे.

पुढे मठातल्या जीवनाचा मान इतका वाढला, की प्रपंच करणाऱ्याला परमार्थ दुय्यमच, असा समज रुजला. तो खोडून काढण्यासाठी संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली एक पुस्तक लिहिले. कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला किंवा संसारी माणसाने कापुचिन या निर्धन राहणाऱ्या संघातल्या व्रतस्थासारखी पैशाची काळजीच सोडली, तर ती भक्ती विपरीतच, असे त्यांनी बजावले. मला हे वाक्य फार धीर देते.

त्याचा चालताबोलता पुरावा फ्रान्समधल्या आलाँसाँ गावी सापडतो. लुई मार्टिन घड्याळे दुरुस्त करत, झेली लेस विणून घेण्याचा धंदा सांभाळत. दोघांनाही तरुणपणी व्रतस्थ व्हायचे होते, पण दोघांनाही मठाच्या दारातून परत पाठवले गेले. १८५८ साली त्यांचे लग्न झाले. नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत मुलींची आजारपणे, लेसच्या मागण्या, थकवा आणि देवावरचा भरवसा एकाच दमात येतात. प्रार्थनेसाठी वेगळे दालन असावे तसे काही तिथे दिसत नाही. १८७७ साली स्तनाच्या कर्करोगाने ती वारली. धाकटी तेरेझ तेव्हा अवघी चार वर्षांची होती. तीच पुढे लिझ्यूची संत तेरेझा.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली ‘जणू’ची गरज ठेवली नाही. कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हणता येते आणि म्हणायलाच हवे, असे त्यांनी लिहिले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई आणि झेली यांना एकत्र संत घोषित करण्यात आले. पती-पत्नींना असे एकत्र संतपद मिळण्याची ती पहिलीच वेळ.